अठरा दिवस दाबलेली स्प्रिंग

सत्तारभाई, दुसऱ्याला नियम शिकवणाऱ्या माणसानं स्वतः असं वागायचं असतं का? अठरा दिवस! अठरा दिवस ती स्प्रिंग शिकंज्यात आवळलेली ठेवून तुम्ही खुशाल निघून गेलात. ‘बंदूक ताणून ठेवायची नाही, स्प्रिंग दाबून ठेवायची नाही, दाबलेली स्प्रिंग मरते,’ हे तुमचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की माझ्या दुकानातल्या चपलांनाही पाठ झालं असेल. आणि शेवटी तुम्ही काय केलंत? तेच. मी केलं असतं तर पुसदचा आख्खा बाजार डोक्यावर घेतला असता.

बघा, चार आठवणी लिहाव्या म्हणून बसले आणि पहिल्या ओळीतच भांडण निघालं. निघू द्या. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुमच्याबद्दल कुठं बोलते आहे? तुमच्याशी बोलते आहे.

काल सकाळी दुकान उघडून बसते न बसते तोच तुमचा सलीम आला. तुम्ही गेल्यापासून त्यानं तुमचं शटर पहिल्यांदाच वर केलं होतं. त्याचं मोबाईलचं दुकान भलं आणि तो भला, बापाच्या बंदुकांना त्यानं कधी हात लावला नाही.

“मावशी, जरा या न. अब्बाच्या मशीनमदी एक बंदूक फसली हाये. निघतच नाही. हातोडा मारून पाहतो म्हटलं, पण आधी तुम्हाले इचारून घ्यावं.”

हातोडा! चपलांच्या दुकानात बसणारी बाई, अनवाणी धावले मी.

शिकंज्यात कास्तकार देवरावची छर्र्याची बंदूक होती. नळी पाटावर घट्ट, आत नवी स्प्रिंग पुरती दाबलेली, आणि जिच्यामुळे सगळं जागेवर बसतं ती पिन बाजूला वाटीत. म्हणजे तुम्ही दांडा फिरवून स्प्रिंग आत ढकललीत, पिन उचलणार, आणि तेवढ्यात छातीत कळ आली. स्टूल पडल्याचा आवाज ऐकून मीही धावत आले होते त्या दुपारी. पण तेव्हा शिकंज्याकडे कोण बघतं? तुम्हाला उचललं, यवतमाळला नेलं, दोन दिवसांनी आणलं ते झाकूनच. कबरस्तानात बाया जात नाहीत, मी कोपऱ्यावर उभी राहिले. आणि इकडे शटरच्या आत ती स्प्रिंग दाबलेली ती दाबलेलीच.

“ठेव तो हातोडा खाली,” मी सलीमला म्हटलं. “या नळीत स्प्रिंग कोंडली हाये. एक ठोका चुकला तं ती तुझी बत्तिशी घेऊन जाईन.”

“बाप्पा! मोबाईलमदी असं काही नसते न मावशी.”

“म्हणून तं बापानं तुले तिकडं जाऊ देलं.”

हसला बिचारा. अठरा दिवसांत पहिल्यांदा हसला असेल.

हा शिकंजा अर्धा माझा आहे, हे आज लिहूनच ठेवते. पाट तुमच्या सागवानी दरवाजाचा, कबूल. पण तो लांब आट्यांचा दांडा माझ्या आईच्या शेवयांच्या यंत्राचा. “वच्छलाबाई, तुमच्या घरी शेवया कोण खाते आता? आट्या चांगल्या हायेत, द्या मले,” असं म्हणून नेलात. त्यानंतर माझ्या घरी शेवया विकतच्या. आणि गिऱ्हाइकांना काय सांगायचात? “हा माझ्या डोक्यातून निघाला.” तुमच्या डोक्यातून निघाला असेल, माझ्या फळीवरून गेला होता.

शिकंजा लगेच सोडला नाही मी. धापा टाकत स्प्रिंग सोडायची नसते, हाही तुमचाच नियम. तुमच्या स्टुलावर बसले. बाकड्यावर चहाचे दोन कप होते. एक रिकामा. दुसऱ्यावर बशी झाकलेली. बशी उचलली, खाली चहा वाळून तपकिरी साल झालेली. तो माझा चहा होता.

त्या दिवशी मी रुसले होते, आठवतं ना? आदल्या दिवशी हीच बंदूक देवरावनं आणली, स्प्रिंगचे तीन तुकडे झालेले. तुम्ही आतलं चामड्याचं वायसर काढून माझ्याकडे फेकलंत, नवं करून द्या म्हणून. मी पाहिलं, त्याची कड करपलेली. तेल जळल्याशिवाय चामडं असं करपत नाही. चार गिऱ्हाइकांसमोर ते तुमच्या पुढ्यात धरलं मी. “पाहा सत्तारभाई. तुमच्या त्या तेलाच्या थेंबाची करामत.”

आणि तुम्ही काय म्हणालात? “बाई, भाकर जराशी करपली तं कोणी चूल मोडते का?”

सगळे खो खो हसले. मी वायसर तुमच्या पुढ्यात टाकलं आणि माझ्या दुकानात जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या दोन दुकानांमधल्या फळ्यांतून तुमची हाक आली, “वच्छलाबाई, चहा आला. थंडा होऊन राह्यला.” मी ऐकलं. उत्तर दिलं नाही. म्हटलं, होऊ दे थंड.

याचाही राग तुमच्यावरच काढते आहे. मग कोणावर काढू?

चौकात पोरांनी तुमचा फ्लेक्स लावला आहे, तो तुम्ही पाहिला असता तर पुन्हा मेला असता. तुमचा तो फोटो आहे ना, बंदुकीची नळी डोळ्याला लावून उजेडाकडे पाहतानाचा? नळी आतून साफ झाली का हे बघत होता तुम्ही. पोरांनी मागं जंगल चिकटवलं, एका कोपऱ्यात वाघ बसवला आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘निशाणेबाज चाचा’. निशाणेबाज! तुमचा नेम समोरच्या फळीलासुद्धा धड लागत नव्हता. जन्मात चिमणीवर छर्रा झाडला नाही तुम्ही. मी त्या फ्लेक्सवाल्याकडे गेले.

“वाघ काढ रे बाबा त्यातला.”

“काहून आजी? चांगला दिसून राह्यला.”

“अरे, तो माणूस बंदुका दुरुस्त करे. मारत नोता.”

“राहू द्या न आजी. वाघ फुकटातच टाकला.”

वाघ अजून तिथंच आहे. आणि त्याच्याखाली उभे राहून जो तो म्हणतो, चाचाचा हात होता, चाचाचा हात होता. हात तुमचा होता, मान्य. त्या हातात चामडं कोणाचं होतं, हे विचारणारा एक माईचा लाल नाही.

पहिलं वायसर आठवतं? आमचे हे गेले त्याला तिसरा दिवस होता. घर बायांनी भरलेलं, आणि तुम्ही दारात. हातात मोडलेल्या बंदुकीचं पिष्टन. बाया म्हणाल्या, “काय माणूस हाये, दुःखाच्या घरी बंदूक घेऊन आला!” तुम्ही सांत्वनाचा एक शब्द काढला नाहीत. खाली मान घालून म्हणालात, “बाई, तुमच्या मालकानं जबान देली होती. फुगे फोडाची बंदूक हाये, फुगेवाला परवा केळापूरच्या जत्रेले निघते. वायसर पाह्यजे.”

मला असा संताप आला! जन्मभर चामडं शिवणारा माणूस आत्ता गेला, त्याच्या चामडं कापायच्या रापीवर अजून त्याच्या बोटांचे डाग आहेत, आणि याला वायसर पाहिजे. संतापाच्या भरातच उठले. त्यांना करताना पाहिलं होतं नुसतं. ओलं चामडं लाकडी ठोकळ्यावर ओढून त्याची वाटी करायची, ती बांधून वाळवायची, कड रापीनं सारखी करायची, मग रातभर कोमट एरंडेलात. सकाळी पिळून, पुसून कोरडी करायची. स्टोव्हच्या पंपात असते तशीच वाटी, फक्त थोरली. हवा धरते ती ही वाटी. ती ढिली तर बंदूक म्हणजे नुसती काठी.

माझं पहिलं वायसर तुम्ही बसवलंत. घोडा ओढला. फुस्स. तुम्ही ते काढून माझ्या हातात दिलंत. “हे वायसर नाही बाई. पापड हाये.”

दुसरंही पापड. तिसरं बरं. चौथं बसवलंत, छर्रा फळीत रुतला. मी वाट पाहत होते, आता तरी म्हणेल, शाब्बास. तुम्ही म्हणालात, “चालन.”

चालन! त्यानंतर इतकी वर्षं मी तुमच्यासाठी वायसरं केली, तुमच्या तोंडून याच्यापुढचा शब्द निघाला नाही. पण खरं सांगू? त्या तिसऱ्या दिवशी तुम्ही आला नसतात तर मी त्या बायांच्या घोळक्यातून कधी उठले असते कोण जाणे. तुमच्या ‘पापडा’चा राग घेऊन दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं ते आजतागायत उघडं आहे. लोकांना वाटायचं, ही बाई सत्तारभाईला राखी बांधत असेल. नाही बांधली कधी. आपल्यात भांडण होतं, तेवढं पुरत होतं.

बंदूक खोलायला तुम्ही कुठं शिकवलं? तुम्ही जुम्म्याच्या नमाजाला जायचात, मी फळ्यांच्या फटीतून पाहिलेलं आठवून तुमच्या भंगारातली एक बंदूक खोलायची. तुम्ही परत यायच्या आत जुळवून ठेवायची. एकदा एक स्क्रू उरला. तुम्ही आलात, स्क्रू पाहिलात, कुठं लागतो ते दाखवलंत आणि वर म्हणालात, “चोरी करायची तं पुरी करा.” ही तुमची शिकवणी.

आणि ते ताणलेल्या बंदुकीचं! मी बंदूक ताणून घोडा तपासत होते, तेवढ्यात जेवायची वेळ झाली. तशीच भिंतीला टेकवून घरी गेले. परत येते तर तुम्ही दुकानात उभे, लालबुंद. “एका जेवणात स्प्रिंग दोन बोटं मरते, माहीत हाये का तुमाले? जिवंत चीज हाये ते. दाबून ठेवली का तिचा दम जाते.” गिऱ्हाइकं पाहत होती. मी रडले त्या दिवशी, सत्तारभाई. तुम्हाला दिसू दिलं नाही एवढंच. तेव्हापासून माझ्या मनात होतं, एका जेवणात कसलीही स्प्रिंग दोन बोटं मरत नाही, हा माणूस फेकतो आहे. पण सिद्ध कसं करणार? कोणती स्प्रिंग मुद्दाम दाबून ठेवून पाहणार?

आता खरं मोठं भांडण. गावच्या कास्तकारांनी तुमच्याकडं बंदुका का आणाव्या? वानरांसाठी. तुरीला शेंगा धरल्या की वानरांची टोळी येते. पण वानर म्हणजे मारुतीचं रूप, त्याला छर्रा कसा मारायचा? मग आपली माणसं काय करतात, बंदूक ताणतात आणि रिकामीच झाडतात. नुसता आवाज. देवरावला मी एकदा विचारलं, “छर्रा काहून नाही घालत रे?” तर कानाला हात लावला त्यानं. “शनिवारी मारुतीले तेल वाहतो मावशी. रविवारी त्याले छर्रा मारू?”

पुण्य त्यांचं आणि मरण बंदुकीचं. छर्रा असला की त्याच्यामागं हवा कोंडते आणि पिष्टन त्या हवेच्या गादीवर थांबतं. रिकामी झाडली की गादी नाही, पिष्टन सरळ लोखंडावर आदळतं. हंगामभर असं केलं की वायसर फाटतं, स्प्रिंग तुटते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. आणि तुम्ही काय करत होता? वर आणखी तेलाचा थेंब! नळी खाली वाकवून मोडली की दिसतं ते बारीक छिद्र, त्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. हवा दाबली जाते, तापते, तेल भडकतं, आणि फाटकन असा आवाज होतो की झाडावरचे बगळे उडतात. गिऱ्हाईक खूश. “व्वा चाचा!” आणि तुम्ही मिशीवरून हात फिरवायचात.

“सत्तारभाई, हा आवाज खोटा हाये,” मी म्हणायची. “हा स्प्रिंगचा आवाज नाही, तिच्या मरणाचा हाये.”

“बाई, कास्तकाराले आवाज पाह्यजे. आवाज नाही तं बंदूक कायची? लाठी घेऊन फिरावं मंग.”

“अन् कड करपते त्याचं?”

“तुमी हाये न नवं करून द्याले!”

मी कप ठेवून उठायची.

मी घरी बसून विचार केला. वानराला लागू नये आणि पिष्टनला गादी मिळावी, असं काय घालता येईल? कापूस! आपल्याकडं काय कमी आहे कापसाची? चिमूटभर कापूस पाण्यात भिजवून, पिळून, वळून घट्ट बोळा केला, बोटाच्या पेरापेक्षा लहान. छर्र्याच्या जागी दाबून बसवला. झाडला. धप्प. बोळा चार पावलांवर पडला. पिष्टन आदळलं नाही, हाताला कळलं मला. तशीच नाचत तुमच्याकडं आले. तुम्ही तो बोळा चिमटीत धरलात, दहा माणसांत वर उचललात.

“हे पाहा. बाईनं बंदुकीसाठी वात केली. आता समई लावू का बंदूक झाडू?”

दहा माणसं हसली. त्यानंतर तुम्ही मला चार वर्षं, पाच वर्षं ‘वातवाली’ म्हणालात. आणि मी चार वर्षं, पाच वर्षं तुमच्याशी भांडले. रोज. चहाबरोबर. तुम्ही कधी इंचभर हटला नाहीत. मधूनच फळ्यांतून हात घालायचात, “बाई, मेणाचा दोरा द्या जरासा.” बंदूकवाल्याला चपला शिवायचा दोरा कशाला लागतो, हे मी कधी विचारलं नाही. भांडणाच्या भरात देऊन टाकायची.

तर काल. दम खाऊन उठले. सलीमला बाजूला उभं केलं, नळीच्या तोंडासमोर नाही, बाजूला. दांडा उलटा फिरवायला घेतला. अर्धा आटा. थांबायचं. अर्धा आटा. माझ्या आईच्या यंत्राचा दांडा, कुरकुर करत होता. स्प्रिंग हळूहळू बाहेर आली, शेवटी अंग सैल सोडून पाटावर आडवी झाली. काही उडालं नाही, कोणाला लागलं नाही. तुमच्यासारखंच सोडलं मी. तुम्ही असता तर म्हणाला असता, चालन.

मग ती भिंतीशी नेली. नव्या स्प्रिंगचं माप म्हणून तुम्ही भिंतीत दोन खिळे ठोकले आहेत ना, त्यांच्यामध्ये धरली. एका टोकाला फट राहिली. मी त्या फटीत बोट घालून पाहिलं.

अर्धं बोट.

अठरा दिवसांत अर्धं बोट, सत्तारभाई! आणि माझ्या एका जेवणात दोन बोटं मेली होती म्हणे. फेकत होता तुम्ही. मला रडवलंत त्या दिवशी ते फुकट रडवलंत. मी ओरडलेच, “सलीम, पाह्य! अर्धंच बोट!” तो पोरगा बिचारा माझ्याकडं बघत राहिला. त्याला काय कळणार? ज्याला कळलं असतं, ज्याचं तोंड पाहायला मी इतकी वर्षं थांबले होते, तो नेमका काल दुकानात नव्हता. जिंकले मी आणि समोर कोणी हरायलाच नाही, हा काय न्याय झाला?

देवरावची बंदूक मी पुरी केली. माझ्याकडं तयार असलेलं नवं वायसर, स्प्रिंगला बोटावर घेऊन पुसट ग्रीस, पुन्हा शिकंजा, पिन. दुपारी देवराव आला. तुमच्या स्टुलाकडं पाहून टोपी काढली त्यानं. मग बंदूक घेतली, ताणून पाहिली, मान हलवली.

“अन् पुडी, मावशी?”

“कसली पुडी?”

“चाचा देत न, बंदुकीसंगं. माही संपली होती, मी दोन-चार दिवस रिकामीच झाडली. म्हणून तं स्प्रिंग तुटली. चाचा मले लई बोलले त्यासाठी.”

मला काही कळेना. सलीमनं बाकड्याचा खालचा खण ओढला. खण पुड्यांनी भरलेला. वर्तमानपत्राच्या कागदाच्या लहान लहान पुड्या, प्रत्येक मेणाच्या दोऱ्यानं बांधलेली. माझ्या मेणाच्या दोऱ्यानं. एक सोडली. आत कापसाचे बोळे. घट्ट वळलेले, बोटाच्या पेरापेक्षा लहान.

“भिजवून घालाचे अन् मंग झाडाची,” देवराव मलाच समजावून सांगायला लागला. “चाचाच्या खानदानातली चीज हाये म्हणत. त्यांच्या आज्यापासून.”

“खानदानातली?”

“हो. अन् म्हणत, बाजूच्या बाईसमोर खोलू नको.”

“किती सालापासून देत होते?”

“चार-पाच साल झाले असतीन.”

सत्तारभाई! चार-पाच साल! म्हणजे ज्या दिवशी दहा माणसांत माझी वात वर उचलून हसलात, त्याच्या मागोमागच तुम्हाला पटलं होतं. आणि मी वेडी, पटलेल्या माणसाशी पाच वर्षं भांडत बसले? घसा सुकवला, चहा थंड केला, रुसले, अबोला धरला, आणि तुम्ही फळीच्या पलीकडं माझाच कापूस माझ्याच दोऱ्यानं बांधत बसला होता? आणि नाव कोणाचं, तर तुमच्या आज्याचं! तुमच्या आज्यानं बंदूक तरी पाहिली होती का?

का नाही सांगितलंत? एक वाक्य होतं. ‘वच्छलाबाई, तुमची वात चालते.’ नाहीतर तेवढंही नको. ‘चालन’ म्हटलं असतंत. तुमचा पेटंट शब्द, एवढासा. त्यानं मला किती पुरलं असतं, तुम्हाला ठाऊक होतं. दाबलेल्या चीजेचा दम जातो म्हणून मला रडवणारे तुम्ही, हे एक वाक्य पाच वर्षं कशाला दाबून ठेवलंत?

भाभीकडे जाऊन बसले संध्याकाळी. म्हटलं, निदान घरी तरी बोलले असतील. भाभी म्हणाल्या, “जेवताना रोज तुमचीच कथा. आज बाई हे म्हटली, आज बाई ते म्हटली. हसून हसून ठसका लागे त्याईले.” पण वातीचं काही बोलले का? “ते नाही आठवत,” भाभी म्हणाल्या. काय समजायचं मी? कबूल केलं असतं तर भांडण संपलं असतं, आणि ते संपू नये असं वाटत होतं का तुम्हाला? की दहा माणसांत हसल्यावर माघार घ्यायची लाज वाटली? की नुसताच हट्ट? तुम्हीच सांगू शकला असता. तुम्ही सांगितलं नाही. मी तुमच्या वतीनं चांगलं उत्तर शोधून देणार नाही. आयुष्यभर वायसरं करून दिली, हे नाही करून देणार.

आज सकाळी सलीमनं मला किल्ली दिली. “मावशी, हे दुकान मी काय करू? तुम्हीच बसा इथं, जोवर मन हाये तोवर.” मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आत गेले आणि भिंतीवरून तुमची बुढी काढली. तुमची स्वतःची बंदूक, दस्त्यावर पितळी तार गुंडाळलेली, तुम्ही कोणाला हात लावू न दिलेली. आत माझंच वायसर आहे, मला माहीत आहे. नळी मोडली. खणातला एक बोळा भिजवून पिळला आणि बसवायच्या आधी थांबले.

तुमच्या मशीनच्या तेलाची बुधली तिथंच होती. पाच वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. एक थेंब, त्या बारीक छिद्रात. मग माझी वात. तुमचं आणि माझं एका नळीत मी कधी घातलं नव्हतं.

“काय करून राह्यल्या मावशी?” सलीम म्हणाला.

“कान झाक.”

मागच्या चाळणी झालेल्या फळीवर नेम धरला आणि घोडा ओढला. असा फाटकन आवाज झाला की पत्र्यावरचे पारवे उडाले. निळा धूर निघाला. बाजूची भाजीवाली ओरडली, “माय वो! चाचा आले का काय?” चहावाला केटली घेऊन दारात येऊन उभा राहिला. समोरच्या किराणावाल्यानं तागडी हातातच धरून ठेवली. अख्खा बाजार दुकानाकडं वळला, तुमच्यासाठी. त्या फ्लेक्सपेक्षा हे बरं झालं. वाघ नव्हता यात.

पण म्हणून तुमचं बरोबर होतं असं समजू नका. धूर ओसरला तशी मी बुढी शिकंज्यात धरली, खोलली, वायसर बाहेर काढलं आणि उजेडात नेऊन पाहिलं. एकाच थेंबात, सत्तारभाई. कड करपली आहे. वायसर तुमच्या बाकड्यावर, माझ्या चहावरच्या त्या बशीत ठेवलं आहे. या आणि बघा.